विश्लेषण : जागा राखीव, पण वाट्याला शून्य? बिंदुनामावलीचे गणित नेमके काय आहे?

सहायक प्राध्यापकपदाची जाहिरात निघते. विषय एक, पदे तीन. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती या दोन्ही रकान्यांत शून्य. नेट झालेला, पीएच.डी. हाती असलेला उमेदवार तक्ता पुन:पुन्हा पाहतो. राज्यघटनेत तरतूद आहे, कायद्यात टक्केवारी आहे, मग जागा गेली कुठे? दुसरीकडे त्याच जाहिरातीकडे पाहणाऱ्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वाटते, की सगळ्या जागा राखीवच असतात. दोघांच्याही प्रश्नाचे उत्तर न्यायालयीन निकालांत जितके आहे, तितकेच कार्यालयातल्या एका नोंदवहीत आहे. तिचे नाव बिंदुनामावली.

बिंदुनामावली म्हणजे काय?

आरक्षण कायद्यात टक्क्यांत लिहिलेले असते, भरती मात्र माणसांची होते. टक्क्यांचे रूपांतर प्रत्यक्ष पदांत करण्यासाठी पदांना क्रमांक दिले जातात आणि कोणता क्रमांक कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरवून ठेवले जाते. हा प्रत्येक क्रमांक म्हणजे एक बिंदू. केंद्राच्या थेट भरतीत अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आरक्षण आहे. साडेसात टक्क्यांमुळे अपूर्णांक राहू नये, म्हणून केंद्राची नामावली २०० बिंदूंची आहे.

हिशेब सोपा आहे. २७ टक्के म्हणजे साधारण दर ३.७ पदांमागे एक, म्हणून इतर मागासवर्गीयांचा पहिला बिंदू चौथा. १५ टक्के म्हणजे दर ६.६७ पदांमागे एक, म्हणून अनुसूचित जातींचा पहिला बिंदू सातवा. साडेसात टक्के म्हणजे दर १३.३३ पदांमागे एक, म्हणून अनुसूचित जमातींचा पहिला बिंदू थेट चौदावा. त्याआधीचे तेरा बिंदू भरले जाईपर्यंत आदिवासी उमेदवाराची पाळी येत नाही.

आरक्षणाचा घटनात्मक आधार कोणता?

आधार अनुच्छेद १६ मध्ये आहे. त्याचे पहिले कलम सरकारी नोकरीत सर्वांना समान संधीची हमी देते. चौथे कलम सांगते, की राज्याच्या मते ज्या मागासवर्गाला सेवांमध्ये पुरेसे प्रतिनिधित्व नाही, त्याच्यासाठी पदे राखून ठेवता येतील. यातला कळीचा शब्द गरिबी नसून ‘प्रतिनिधित्व’ आहे. कारभार चालवणाऱ्या यंत्रणेत समाजातले कोण बसले आहे आणि कोण बाहेर उभे आहे, हा या तरतुदीमागचा प्रश्न आहे.

महाराष्ट्राला हा प्रश्न राज्यघटनेच्याही आधीपासून ठाऊक आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूरचा कारभार हाती घेतला, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ पदांपैकी ६० पदांवर ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास समाजांसाठी राखण्याचा आदेश काढला.

संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा मुद्दा मांडला. संधीची समानता हे तत्त्व आहेच, पण आजवर प्रशासनाबाहेर ठेवले गेलेल्या समाजांना आत येण्याची वाटही हवी. ती वाट इतकी रुंद नको की मूळ तत्त्वच नाहीसे होईल, म्हणून राखीव जागा एकूण जागांच्या अल्प भागापुरत्या असाव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १६ नोव्हेंबर १९९२ रोजी इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा या भाषणाचा आधार घेतला गेला.

‘रिक्त जागा’ आणि ‘पद’ यांत फरक काय?

पूर्वी बिंदुनामावली रिक्त जागांवर चालत असे. जागा रिकामी झाली की चक्र एक घर पुढे. त्यातून दोन विचित्र परिणाम होत. कधी राखीव प्रवर्गातील कर्मचारी निवृत्त झाल्यावर ती जागा दुसऱ्याच प्रवर्गाकडे जाई. कधी चक्र फिरत राहिल्याने एखाद्या प्रवर्गाची संख्या ठरलेल्या टक्क्यांच्या वर जाई.

सर्वोच्च न्यायालयाने १० फेब्रुवारी १९९५ रोजी आर. के. सभरवाल विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात हे चक्र थांबवले. टक्केवारी मोजायची ती संवर्गातील एकूण पदांवर. नामावली एकदा पूर्ण भरली की तिचे काम संपले, त्यानंतर ज्या प्रवर्गाचा माणूस निवृत्त होईल, त्याच प्रवर्गातून ती जागा भरायची. याच निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. राखीव प्रवर्गातील उमेदवार गुणवत्तेवर खुल्या जागेवर निवडला गेला, तर त्याची गणना राखीव कोट्यात करायची नाही. केंद्राने २ जुलै १९९७ रोजी या निकालानुसार नव्या नामावल्या लागू केल्या, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी पदांवर आधारित पद्धत स्वीकारली.

मग शून्य येते कुठून?

निकालाने ‘पदे मोजा’ असे सांगितले, पण कुठली पदे एकत्र मोजायची हा प्रश्न उरला. पूर्ण विद्यापीठाची, की एकेका विभागाची? या ‘एकक’ नावाच्या तांत्रिक शब्दात हजारो नोकऱ्यांचे भवितव्य दडलेले असते. विद्यापीठांतील तेरा बिंदूंचा वाद त्यातूनच पेटला.

अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये शिक्षकभरतीसाठी विद्यापीठ हे नव्हे, तर विभाग हे एकक मानले. एका विषयाचा प्राध्यापक दुसऱ्या विषयाच्या जागेवर जाऊ शकत नाही, मग दोन्ही पदे एका यादीत कशी, असा त्यामागचा युक्तिवाद होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी त्याप्रमाणे परिपत्रक काढले.

याचा परिणाम एका उदाहरणातून पाहू. एका विद्यापीठात सहायक प्राध्यापकांची २०० पदे आहेत असे धरू. विद्यापीठ हे एकक मानले, तर त्या वेळच्या टक्केवारीनुसार इतर मागासवर्गीयांना ५४, अनुसूचित जातींना ३० आणि अनुसूचित जमातींना १५ पदे मिळतात, १०१ खुली राहतात. आता तीच २०० पदे प्रत्येकी पाच पदांच्या ४० विभागांत वाटू. प्रत्येक विभागात चौथा बिंदू इतर मागासवर्गीयांचा, म्हणजे एकूण ४० पदे. सातवा बिंदू कुठल्याच विभागात येत नाही आणि चौदावाही नाही. अनुसूचित जाती शून्य, अनुसूचित जमाती शून्य, खुली पदे १६०. कायद्यातला एकही टक्का कमी झालेला नाही, फक्त मोजायची टोपली बदलली.

पुढे पाळी येतेच ना?

कागदावर येते. १३ पर्यंत पदे असलेल्या छोट्या संवर्गासाठी फिरती नामावली असते. सुरुवातीची पदे भरल्यावर होणारी प्रत्येक नवी रिक्त जागा पुढच्या बिंदूवर जाते, म्हणजे पाच पदांच्या विभागात पहिली निवृत्ती सहाव्या बिंदूची, दुसरी सातव्या बिंदूची. चौदावा बिंदू गाठायला नऊ निवृत्त्या व्हाव्या लागतात. एका शिक्षकाची सेवा सरासरी ३० वर्षे धरली, तर पाच जणांच्या विभागात नऊ जागा रिकाम्या व्हायला सुमारे ५४ वर्षे लागतील. आज पीएच.डी. करणाऱ्या आदिवासी तरुणाच्या नातवाच्या वेळी ती जागा निघेल. दरम्यान विभाग बंद झाला, दुसऱ्यात विलीन झाला किंवा पद व्यपगत झाले, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

एकच पद असेल तर?

मग आरक्षण नाहीच. चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेसंबंधीच्या खटल्यात घटनापीठाने १९९८ मध्ये असा निर्णय दिला, की संवर्गात एकच पद असेल आणि ते राखीव ठेवले, तर ते १०० टक्के आरक्षण ठरते. फिरत्या नामावलीनेही ते करता येणार नाही. तर्क म्हणून हे बरोबर आहे. अडचण अशी, की पदांची रचना करणाऱ्याच्या हाती यातून मोठी सत्ता येते. वरिष्ठ पदे जितकी सुटी आणि ‘विशेष’ ठरवली जातील, तितकी ती आरक्षणाबाहेर जातात.

त्याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०२४ मध्ये दिसले. केंद्रीय लोकसेवा आयोगाने सहसचिव, संचालक आणि उपसचिव दर्जाच्या ४५ पदांवर थेट बाहेरून तज्ज्ञ घेण्याची जाहिरात १७ ऑगस्टला काढली. तीत आरक्षण नव्हते. टीका झाल्यावर तिसऱ्याच दिवशी केंद्राने आयोगाला जाहिरात रद्द करण्यास सांगितले. ही पदे विशेष आणि एकल संवर्गातील मानली गेल्याने आरक्षण नव्हते, अशी कबुली त्या पत्रातच होती.

वाद कसा मिटला?

विभागनिहाय नामावलीविरोधात देशभर शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २२ जानेवारी २०१९ रोजी अपील आणि पुढच्या महिन्यात फेरविचार याचिकाही फेटाळली गेली. मग ७ मार्च २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्था (शिक्षक संवर्गातील आरक्षण) कायदा अस्तित्वात आला. त्यानुसार केंद्रीय संस्थांत संपूर्ण संस्था हे एकक ठरते.

कायद्याने शून्य मोडले, पण भरतीची हमी दिली नाही. राखीव जागा जाहिरातीत येते, मुलाखती होतात आणि शेवटी ‘योग्य उमेदवार आढळला नाही’ असा शेरा पडतो, ही तक्रार त्यानंतरही कायम आहे. जानेवारी २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मसुद्यात न भरलेल्या राखीव जागा अपवादात्मक स्थितीत अनारक्षित करण्याचा उल्लेख आला. गदारोळ झाला आणि एकही पद अनारक्षित होणार नाही, असा खुलासा शिक्षण मंत्रालयाला करावा लागला.

महाराष्ट्रात पद्धत काय?

राज्यात २००१ चा लोकसेवा आरक्षण अधिनियम २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. त्यात अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्के, विमुक्त जाती (अ) ३ टक्के, भटक्या जमाती (ब) २.५, (क) ३.५ आणि (ड) २ टक्के, विशेष मागास प्रवर्ग २ टक्के आणि इतर मागास वर्ग १९ टक्के, असे एकूण ५२ टक्के आरक्षण आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांचे १० टक्के आणि २०२४ च्या कायद्याने सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाला, म्हणजे मराठा समाजाला, दिलेले १० टक्के धरले तर बेरीज ७२ होते. दुर्गम आदिवासी क्षेत्र असलेल्या आठ जिल्ह्यांत जिल्हास्तरीय गट क आणि ड पदांसाठी टक्केवारी वेगळी आहे.

प्रवर्ग जितके जास्त, तितका छोट्या संवर्गाचा प्रश्न बिकट. दोन टक्के म्हणजे ५० पदांत एक. तालुक्याच्या नगर परिषदेत एखाद्या संवर्गात सहा पदे असतील, तर दोन टक्क्यांच्या प्रवर्गाचा हिस्सा पदाच्या आठव्या भागाएवढाही भरत नाही.

प्रत्येक नियुक्ती प्राधिकाऱ्याने संवर्गनिहाय बिंदुनामावली ठेवायची आणि विभागीय आयुक्त कार्यालयातील मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घ्यायची, अशी पद्धत आहे. ‘मावक’ची तपासणी झाल्याशिवाय भरती पुढे सरकत नाही. नोंदवही अद्ययावत नसेल, आंतरजिल्हा बदलीने आलेल्यांच्या नोंदी चुकल्या असतील, तर तपासणी लांबते आणि सगळ्याच उमेदवारांचे वय वाढत राहते. कायद्याचे हेतुपुरस्सर उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्यासाठी शिक्षेची तरतूद आहे. पण हेतू सिद्ध करणे अवघड असते, नोंदवही अर्धवट ठेवणे सोपे.

खुली जागा नक्की कोणाची?

सर्वाधिक गैरसमज येथेच आहे. खुला प्रवर्ग म्हणजे उच्चवर्णीयांचा राखीव कोटा नव्हे. ती सर्वांसाठी खुली असलेली जागा आहे. कोणत्याही जातीचा उमेदवार वयाची किंवा अन्य सवलत न घेता गुणवत्तेत आला, तर ती त्याची. उत्तर प्रदेशातील पोलीस भरतीसंबंधीच्या सौरव यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी हेच तत्त्व समांतर आरक्षणालाही लावले. महिला, माजी सैनिक, दिव्यांग, खेळाडू हे आरक्षण प्रत्येक सामाजिक प्रवर्गाला छेदून जाते, म्हणून त्याला समांतर म्हणतात. खुल्या प्रवर्गातील महिलांच्या जागेवर अधिक गुण मिळवणाऱ्या मागासवर्गीय महिलेला डावलता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. तसे डावलले तर खुल्या जागाही एका गटासाठी राखीव झाल्यासारखेच होईल.

पदोन्नतीत हाच पेच का?

इंद्रा साहनी निकालाने पदोन्नतीत आरक्षण नाकारले होते. १९९५ मध्ये ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी ते परत आले, २००० मध्ये ८१ व्या दुरुस्तीने अनुशेषाच्या जागा ५० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर ठेवल्या. २००६ च्या नागराज निकालाने अट घातली, की प्रतिनिधित्व अपुरे असल्याची मोजता येण्याजोगी आकडेवारी सरकारने आधी गोळा करावी. महाराष्ट्राचा २५ मे २००४ चा पदोन्नतीतील आरक्षणाचा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द केला. राज्याने ७ मे २०२१ रोजी पदोन्नतीची पदे सेवाज्येष्ठतेनुसार भरण्याचा निर्णय घेतला.

आकडेवारी गोळा करायची ती कशाची, संपूर्ण सेवेची की संवर्गाची? २८ जानेवारी २०२२ रोजी जर्नेल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले : संवर्गाची. म्हणजे येथेही निर्णायक ठरले ते एकक. मात्र येथे छोटे एकक मागासवर्गीयांच्या बाजूने काम करते. सगळी सेवा एकत्र मोजली, तर खालच्या पदांवरील गर्दी वरच्या पदांवरील रिकामेपण झाकून टाकते. सफाई कामगार आणि उपसचिव एकाच बेरजेत घातले, की प्रतिनिधित्व ‘पुरेसे’ दिसू लागते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. छोटे एकक चांगले किंवा मोठे एकक चांगले, असा सरसकट नियम नाही. पदे वाटताना एकक इतके मोठे हवे, की लहान टक्केवारीच्या प्रवर्गालाही पूर्ण पद मिळावे. प्रतिनिधित्व तपासताना ते इतके बारीक हवे, की अभाव लपता कामा नये.

पुढचे आव्हान कोणते?

पहिले आव्हान उपवर्गीकरणाचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने राज्यांना अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करण्याची मुभा दिली. अनुसूचित जातींतील अधिक मागे राहिलेल्यांना न्याय मिळावा, हा हेतू रास्त आहे. पण १३ टक्क्यांचे आणखी भाग पडले, की छोट्या संवर्गात बिंदू आणखी लांब जातील. एककाचा विचार न करता केलेले उपवर्गीकरण ज्यांच्यासाठी केले, त्यांच्याच हाती शून्य ठेवू शकते.

दुसरे आव्हान त्याहून मोठे आहे. बिंदुनामावली मंजूर पदांवर चालते. पदच निर्माण झाले नाही, तर बिंदूही नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२३ मध्ये बाह्य यंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला होता, तरुणांच्या रोषानंतर ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. ४५ दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नियुक्त्यांतही आरक्षण द्यावे, असे केंद्राचे आदेश आहेत. पण कर्मचारी एजन्सीचा आणि काम सरकारचे, अशी व्यवस्था झाली की नामावलीची वहीच उघडावी लागत नाही.

उमेदवाराने म्हणूनच जाहिरातीतील टक्केवारीच्या पुढे जाऊन पाहावे : संवर्ग कोणता, मंजूर पदे किती, एकक काय धरले, अनुशेष किती आणि नामावलीची तपासणी कधी झाली. माहिती अधिकारात बिंदुनामावलीची प्रत मागता येते. कोणती जागा कोणत्या बिंदूवर होती आणि ती कशी भरली गेली, हे त्या प्रतीत ओळीने लिहिलेले असते.